तेरा नंबरचा पाना

दिवसभर मी लोकांचे मणके बघते.
मिरजेत, तळघरात, शिसं लावलेल्या दारामागं.
श्वास घ्या. धरा. हलू नका.
आता सोडा.
कवठेमहांकाळचा द्राक्षबागवाला, पाठीवर औषधाचा पंप वाहणारा,
आरगेच्या शाळेतली शिपाईबाई,
फिल्मवर सगळे सारखेच,
एकावर एक रचून ठेवलेल्या वाट्या.

माझी फिल्म काढली त्या दिवशी दिगंबरनं बटण दाबलं.
हलू नका मॅडम, म्हणाला, अगदी माझ्याच सुरात.
वाट्या जागच्या जागी. कुठं काही नाही.
डॉक्टर कुरणे म्हणाले, सायकल सोडा, स्कूटी घ्या,
वय काय तुमचं?

वय त्रेपन्न. सायकल अकरा वर्षांची.
विश्रामबाग ते मिरज,
आणि संध्याकाळी परत येताना
वारा समोरून, मळीचा वास घेऊन.
सीटवर जेलचं कव्हर, कव्हरवर उशी,
कमरेला पट्टा, पट्ट्याखाली मलम,
एवढा सगळा संसार मांडून मी पॅडल मारत होते.

वानलेसवाडीजवळ चेन उतरली.
बाबालाल मुजावरांनी चेनकडं बघितलंच नाही.
म्हणाले, बसा की. बसून दाखवा.
मग, ही सीट एवढी खाली कुणी घेतली?
मी.
का?
पाय टेकावेत म्हणून.

आठ वर्षांपूर्वी पुष्पराज चौकात
पुढचा टेम्पो अचानक थांबला होता.
फार लागलं नव्हतं. डबा सांडला, एवढंच,
मटकीची उसळ रस्ताभर,
आणि लोक बघत होते.
हे मी त्यांना सांगितलं नाही.
ते पान्यांच्या ढिगात हात घालून
न बघता तेरा नंबरचा काढत होते.

उशी गेली. कव्हर गेलं.
सीट वर, अजून वर, चांगली चार बोटं.
टाच पॅडलवर ठेवा. पाय सरळ झाला?
आता चवडा ठेवा. गुडघा जरासा मुडपला? हां.
हँडल दोन बोटं वर घेतलं, वरून एक टोला हाणला.
मूठ आवळायची न्हाई, गरम चहाचा कप धरल्यागत धरायचं.
कोपरं ढिली.
खड्डा कोपरानं खायचा ताई, कमरेला कशाला चारतासा?

पण पाय पोचत नाहीत, मी म्हणाले.
पोचायचे कशाला?
सीटवर बसून थांबायचं नसतंय.
थांबायचं तर उतरायचं.

तीस रुपये झाले. चेन त्यातच.

पहिल्या सिग्नलला मी उतरले ते जवळजवळ कोसळलेच.
एक शाळेतला मुलगा हसला. हसू दे.
दुसऱ्या दिवशी मांड्या भरून आल्या,
इतकी वर्षं त्यांना काम नव्हतं बहुतेक,
सगळं कंबरच करत होती.
तिसऱ्या आठवड्यात पट्टा घरी राहिला,
मुद्दाम नव्हे, विसरून.
दुखतं अजून, नाही म्हणत नाही,
सलग ड्यूटी झाली की मंगळवार-बुधवारी.
उशीवर आता बाबालाल यांचं मांजर झोपतं.

काल परतताना रस्ता उकरलेला,
वारा समोरून,
आणि लक्षात आलं की मी श्वास धरून बसलेय.
खड्डा येण्याच्या आधीपासून.
कदाचित त्या टेम्पोपासून.
हलू नका, धरा,
आणि पुढचं म्हणायला कुणी नव्हतंच.
मोठ्यानं म्हणाले. मागची मोटारसायकल दचकली.

आज तो द्राक्षबागवाला पुन्हा आला, नवी चिठ्ठी घेऊन.
टेबलावर झोपवलं, मशीन खाली ओढलं,
आणि बटणापाशी जायच्या आधी विचारलं,
काका, पंपाचे पट्टे केवढे ठेवलेत?
ते छताकडं बघत राहिले जरा वेळ.
दुकानातनं आणला
तसेच हायत की, म्हणाले.